रिओ तिंतो येथील ताम्रजल : जीवाणूंच्या साहाय्याने धातू मिळविण्याचा पूर्वेतिहास

खनिजापासून धातू मिळवावयाचा म्हणजे भट्टी पेटवावयाची, ही समजूत आपल्याकडे इतकी दृढ आहे की, धातुविद्येचा इतिहास बहुधा अग्नीचा इतिहास म्हणूनच लिहिला जातो. ह्या इतिहासाला समांतर असा पाण्याचाही एक इतिहास आहे. तांबे असलेला दगड हवेत व पाण्यात दीर्घकाळ राहिला असता त्यातील तांबे हळूहळू विरघळून पाण्यात उतरते. आणि अशा ताम्रजलात लोखंड टाकले असता ते तांबे पुन्हा धातुरूपाने हाती येते. ह्या रीतीने कित्येक शतके तांबे मिळविले जात होते. परंतु ह्यातील पहिले काम, म्हणजे दगडातील तांबे पाण्यात उतरविण्याचे काम, मुख्यतः डोळ्यांना न दिसणारे जीवाणू करतात, ही गोष्ट १९४७ नंतरच्या दशकातच स्पष्ट झाली.

खाणींतील टाकाऊ दगड, कारखान्यांतील गाळ व इलेक्ट्रॉनिक भंगार यांतून जीवाणूंकरवी धातू परत मिळविण्याविषयी आज पुष्कळ लिहिले जाते. अशा लेखनाच्या आरंभी, रोमन लोकांनाही ही विद्या अवगत होती, अशा अर्थाचे एखादे वाक्य बहुधा आढळते. ते कितपत खरे मानावे, आणि ज्या क्रियेचा कर्ताच अज्ञात होता तिला 'विद्या' म्हणावे किंवा कसे, ह्याचा विचार स्पेनमधील रिओ तिंतो खाणींच्या आधारे प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. हा प्रश्न केवळ श्रेयाचा नाही. ज्या क्रियेने धातू हाती येतो तीच क्रिया, तिच्यावर कोणाचे लक्ष नसले म्हणजे, नद्यांचे पाणी नासविते. तेव्हा तिचा इतिहास लिहिताना जबाबदारीचाही प्रश्न आपोआपच उपस्थित होतो.

१. नदी आणि जुन्या खाणी

रिओ तिंतो ही दक्षिण स्पेनमधील हुएल्वा प्रांतातील सुमारे १०० किलोमीटर लांबीची नदी. तिच्या पाण्याचा रंग तांबडा मद्यासारखा असून त्याची अम्लता लिंबाच्या रसाइतकी, म्हणजे पीएच मूल्य २ ते २.५ च्या आसपास आहे. हा रंग फेरिक लोहाचा होय. नदीच्या उगमाकडील डोंगरांत पायराइटचे प्रचंड साठे आहेत. पायराइट म्हणजे लोह व गंधक यांचे संयुग. आपल्या रसशास्त्रातील ग्रंथांत 'माक्षिक' ह्या नावाने येणारी खनिजे ह्याच कुळातील आहेत. रिओ तिंतोच्या पायराइटमध्ये तांब्याचा अंश असल्यामुळे ह्या डोंगरांना प्राचीन काळापासून महत्त्व आले.

फिनिशियन व्यापाऱ्यांच्या काळी येथे चांदी काढली जात होती आणि रोमन अमलात चांदी व तांबे ही दोन्ही मोठ्या प्रमाणावर निघत. खाणीच्या खोल भागातील पाणी उपसण्यासाठी रोमनांनी बसविलेली लाकडी रहाटचाके पुढील काळात खाणकामात सापडली. रोमनांनी मागे ठेवलेला सर्वांत मोठा पुरावा मात्र मळीचा आहे. भट्टीतून निघालेल्या धातुमळीचे कित्येक दशलक्ष टनांचे ढिगारे तेथे होते. रोमन लोक येथे तांबे मिळवीत ते भट्टीतून, असे हे ढिगारे निःसंदिग्धपणे सांगतात. स्पेनमध्ये खनिजयुक्त पाणी आटवून, त्यात दोऱ्या सोडून, त्यांवर हिराकस-मोरचुदासारखे स्फटिक जमविण्याची रीत होती, असे वर्णन प्लिनीने आपल्या निसर्गेतिहासात केले आहे. ह्यावरून खाणीच्या पाण्यातील क्षार रोमनांना ठाऊक होते, हे मान्य केले पाहिजे. परंतु क्षार जमविणे निराळे आणि त्या पाण्यातून लोखंडाच्या योगाने तांबे काढणे निराळे. दुसऱ्या गोष्टीला मळीच्या ढिगाऱ्यांसारखा भरभक्कम आधार रोमन काळातून देता येत नाही. म्हणून रोमनांविषयीचे ते प्रचलित विधान सावधगिरीनेच स्वीकारावयास हवे.

२. लोखंड जाऊन तांबे येते

लोखंडाने तांबे काढण्याची रीत नि:संशयपणे व मोठ्या प्रमाणावर प्रथम दिसते ती चीनमध्ये. मोरचुदाच्या संपर्कात लोखंड आले असता तांबे होते, ही नोंद ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातील चिनी लेखनात मिळते. पुढे सुंग राजवटीत, अकराव्या शतकाच्या अखेरीस, जांग च्येन नावाच्या गृहस्थाने ह्या विषयावर स्वतंत्र ग्रंथ रचला आणि सरकारी देखरेखीखाली अशा ताम्रजलापासून नाण्यांसाठी तांबे काढले जाऊ लागले.

रिओ तिंतोच्या पाण्याविषयीचा महत्त्वाचा लेखी पुरावा १५५६ चा आहे. राजा दुसरा फिलिप ह्याच्या आज्ञेवरून जुन्या, ओसाड पडलेल्या खाणींची पाहणी करण्यात आली. पाहणी करणाऱ्यांपैकी दिएगो देल्गादो ह्या धर्मोपदेशकाने जो वृत्तांत दिला त्यात ह्या नदीचे वर्णन आहे. नदीत मासा किंवा इतर जीव नाही, माणसे व गुरे तिचे पाणी पीत नाहीत, त्यात टाकलेले लोखंड थोड्या दिवसांत विरून जाते, असे तो सांगतो. आणि हे आपण स्वतः करून पाहिले, असेही नमूद करतो. त्याने एक जिवंत बेडूक नदीत टाकून पाहिला, तो बाहेर उडी न मारताच मेला. त्याच वर्षी बाझेल येथे अग्रिकोला ह्याचा धातुविद्येवरील प्रसिद्ध ग्रंथ, लेखकाच्या मृत्यूनंतर, छापला गेला आणि त्यात खनिजजलापासून हिराकस-मोरचूद तयार करण्याच्या कृती सचित्र आल्या.

देल्गादोच्या वृत्तांताचे मोल दोन कारणांनी आहे. एक तर, त्यावेळी ह्या खाणी शतकानुशतके बंद होत्या. अर्थात नदीची अम्लता चालू खाणकामावर अवलंबून नव्हती, हे त्यावरून कळते. दुसरे असे की, त्याने क्रियेची एकच बाजू नोंदविली. लोखंड नाहीसे होते, हे त्याने पाहिले. त्याच्या जागी तांबे येते, ह्या गोष्टीचा उपयोग रिओ तिंतो येथे व्हावयास आणखी जवळजवळ दोनशे वर्षे जावी लागली. १७२५ मध्ये लिबेर्ट वोल्टर्स ह्या स्वीडिश गृहस्थास ह्या खाणींचा पट्टा मिळाला. तो लवकरच वारला. त्याचा भाचा सॅम्युएल तिकेत ह्याच्या कारकीर्दीत, १७५२ पासून, खाणीतील ताम्रजल लोखंडावरून वाहवून तांबे काढण्यास सुरुवात झाली. ओसाड खाण प्रथम जी पुन्हा उत्पन्न देऊ लागली ती नव्या खोदकामापेक्षा जुन्या बोगद्यांतून आपोआप झिरपणाऱ्या पाण्यामुळे, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

३. धुराचे वर्ष

१८७३ मध्ये स्पेनच्या पहिल्या प्रजासत्ताकाने, तिजोरीतील चणचणीमुळे, ह्या खाणी ह्यू मॅथेसन ह्याच्या पुढाकाराने जमलेल्या भांडवलदारांच्या गटास विकल्या. लंडन येथे रिओ टिंटो कंपनी स्थापन झाली. १८७५ मध्ये खाणीपासून हुएल्वा बंदरापर्यंतचा लोहमार्ग पुरा झाला आणि उत्पादन झपाट्याने वाढले.

कमी प्रतीच्या धातुकातून तांबे काढण्याची त्यावेळची मुख्य रीत अशी होती. धातुकाचे मोठे ढीग रचून ते उघड्यावर पेटवीत. गंधक जळून जाई आणि तांबे पाण्यात विरघळण्याजोग्या रूपात येई. हे ढीग महिनोन्‌महिने धुमसत. त्यांतून निघणारा सल्फर डायॉक्साइड वायू, हवा पडली म्हणजे, दरीत साचून राही. ह्या दाट धुराला तेथील लोक 'मांता', म्हणजे घोंगडी, म्हणत. आसपासच्या गावांतील पिके व झाडे करपली. धुरामुळे काम करणे अशक्य होई, त्या दिवशी मजुरांना अर्धीच मजुरी मिळे. म्हणजे धुराचा तोटा शेतकरी व मजूर ह्या दोघांनाही सोसावा लागे, आणि म्हणूनच ते दोघे एकत्र आले.

४ फेब्रुवारी १८८८ रोजी सालामेआ ला रेआल व इतर गावांतील शेतकरी आणि संपावर गेलेले खाणकामगार रिओ तिंतो गावच्या चौकात जमले. कामगारांचे पुढारीपण माक्सिमिलियानो तोर्नेत ह्याच्याकडे होते. उघड्यावरील भाजणी बंद करावी, ही शेतकऱ्यांची मागणी. धुराच्या दिवशीची मजुरी कापू नये, ही कामगारांच्या मागण्यांपैकी एक. जमावात स्त्रिया व मुलेही होती. पाविआ पलटणीच्या सैनिकांनी ह्या जमावावर गोळ्या झाडल्या. अधिकृत नोंदीत मृतांचा आकडा तेराच्या आसपास आहे. लोकांच्या आठवणीत तो शंभराहून पुष्कळ अधिक आहे. त्या भागात १८८८ ला 'गोळ्यांचे वर्ष' म्हणतात. त्याच महिन्याच्या २९ तारखेस उघड्यावरील भाजणीस मनाई करणारा राजाचा हुकूम निघाला. १८९० मध्ये तो मागे घेण्यात आला.

४. ढीग, पाणी आणि बिडाच्या लाद्या

हुकूम टिकला नाही, तरी भाजणी पुढे फार काळ टिकली नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ती संपली आणि तिच्या जागी पाण्याने धुण्याची रीत पूर्णपणे रूढ झाली. ही रीत तेथे अगोदरपासून चालू होतीच. फोडलेल्या धातुकाचे मोठे ढीग, हवा खेळती राहील अशा बेताने, रचीत. त्यांवर पाणी सोडीत, मग ते काही काळ तसेच ठेवीत, आणि पुन्हा पाणी सोडीत. पायराइटवर हवेची क्रिया होताना उष्णता निर्माण होत असल्यामुळे ढीग तापून पेट घेऊ नये, याकडे लक्ष ठेवावे लागे. ढिगातील तांबे निघून येण्यास कित्येक वर्षे लागत. खाली उतरलेले निळसर-हिरवे पाणी लांबलचक पन्हळींतून बिडाच्या लाद्यांवरून वाहवीत नेत. लोखंड विरघळे आणि तांब्याचा पापुद्रा धरे. त्यास तेथे 'कास्कारा', म्हणजे टरफल, म्हणत. तांबे काढून घेतलेले लोहयुक्त पाणी पुष्कळदा पुन्हा ढिगांवर सोडण्यात येई.

ह्या बदलाचे कारण केवळ लोककल्याण नव्हते. भाजणीत गंधक हवेत वाया जाई. धुण्याच्या रीतीत तो दगडातच राही आणि धुतलेले पायराइट गंधकाम्लाच्या कारखान्यांना विकता येई. नुकसानभरपाईचे तंटेही कमी झाले. म्हणून १८८८ च्या बळींमुळेच नवी रीत आली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण धुराची किंमत शेतकरी व मजूर निमूटपणे देत राहणार नाहीत, हे त्या दिवशी कंपनीस व सरकारास कळले, एवढे म्हणावयास हरकत नाही.

रिओ तिंतो येथील ह्या पद्धतीचे तपशीलवार वर्णन टेलर व व्हेलन ह्या दोघांनी १९४० नंतरच्या प्रारंभीच्या वर्षांत लंडनच्या खाण व धातुविद्या संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्यात सर्व क्रिया रासायनिक म्हणूनच मांडली आहे. दीडशेहून अधिक वर्षांच्या अनुभवाने ढिगाची रचना, हवा, ओल व उष्णता ह्यांचे नियम पक्के झाले होते. हे सर्व नियम जीवाणूंच्या वाढीस अनुकूल होते. मात्र ते करणाऱ्यांना जीवाणूंची वार्ताही नव्हती.

५. कर्त्याचा शोध

जीवाणू सेंद्रिय अन्नाशिवाय, केवळ खनिज द्रव्यांच्या ऑक्सिडीकरणातून मिळणाऱ्या ऊर्जेवर जगू शकतात, ही कल्पना सर्गेई विनोग्राड्स्की ह्याने १८८७ च्या सुमारास स्ट्रासबुर्ग येथे गंधक-जीवाणूंच्या अभ्यासातून मांडली. १९२२ मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सीच्या कृषि प्रयोगकेंद्रात वॅक्समन व जोफे ह्यांनी गंधकापासून गंधकाम्ल तयार करणाऱ्या एका जीवाणूचे वर्णन केले. हाच वॅक्समन पुढे स्ट्रेप्टोमायसिनसाठी नोबेल पारितोषिकाचा मानकरी ठरला. त्याच वर्षी रुडॉल्फ्स व हेलब्रॉनर ह्यांनी जस्ताच्या सल्फाइडावर जीवाणूंची क्रिया होते, असे दाखविले आणि हलक्या प्रतीच्या धातुकासाठी ती उपयोगी पडेल, असे सुचविले. ही सूचना जवळजवळ पंचवीस वर्षे तशीच पडून राहिली. मृदाशास्त्रज्ञांचे लेख खाणींच्या अभियंत्यांच्या वाचनात येत नव्हते, आणि खाणींच्या ढिगाऱ्यात काही जिवंत असेल, असे कोणास वाटत नव्हते.

निर्णायक पाऊल पडले ते धातूच्या शोधात नव्हे, तर प्रदूषणाच्या शोधात. वेस्ट व्हर्जिनियातील कोळशाच्या खाणींतून वाहणाऱ्या अम्लजलाने ओढे व नद्या नासल्या होत्या. कोळशातील पायराइट हे त्याचे मूळ, हे ठाऊक होते. त्यावर उपाय म्हणून १९३० नंतरच्या दशकात ओसाड खाणींची तोंडे बुजविण्याचे प्रयत्न झाले होते. १९४७ मध्ये कोल्मर व हिंकल ह्यांनी 'सायन्स' ह्या साप्ताहिकात असे दाखविले की, ह्या पाण्यातील फेरस लोहाचे फेरिक लोहात होणारे रूपांतर जीवाणूंवर अवलंबून आहे. निर्जंतुक केलेल्या पाण्यात ते जवळजवळ थांबते. १९५१ मध्ये टेंपल व कोल्मर ह्यांनी ह्या जीवाणूस 'थायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स' हे नाव दिले. २००० मध्ये वर्गीकरण बदलून तो 'ॲसिडिथायोबॅसिलस' ह्या प्रजातीत गेला. त्याची लांबी एक-दोन सहस्रांश मिलिमीटर असते.

त्याचे काम थोडक्यात असे सांगता येईल. फेरिक लोह हे सल्फाइड खनिजांना फोडणारे प्रभावी द्रव्य आहे. खनिज फोडताना ते स्वतः फेरस रूपात जाते आणि निष्प्रभ होते. अम्ल पाण्यात हवेतील ऑक्सिजनने ते पुन्हा फेरिक व्हावयास फार काळ लागतो. जीवाणू हेच काम करून त्यातून आपल्या जीवनास लागणारी ऊर्जा मिळवितो आणि हवेतील कार्बन डायॉक्साइडापासून आपले शरीर घडवितो. सिंगर व स्टुम ह्यांनी १९७० मध्ये दाखविले की, जीवाणूंमुळे ह्या टप्प्याचा वेग सुमारे दहा लाख पटींनी वाढतो, आणि संपूर्ण क्रियेचा वेग ह्याच टप्प्यावर ठरतो. रिओ तिंतो येथे तांबे काढून घेतलेले लोहयुक्त पाणी ढिगांवर पुन्हा सोडीत, त्याचा खरा अर्थ येथे उलगडतो : ते जीवाणूंचे अन्नच परत दिले जात होते.

अमेरिकेतील यूटा राज्यातील बिंगहॅम कॅन्यन ह्या विशाल ताम्रखाणीच्या टाकाऊ ढिगांतून झिरपणाऱ्या पाण्यातही हेच जीवाणू आढळले. ब्रिगहॅम यंग विद्यापीठातील ब्रायनर व त्याच्या सहकाऱ्यांनी १९५४ मध्ये सल्फाइड खनिजांवरील त्यांच्या क्रियेचे प्रयोग प्रसिद्ध केले. १९५८ मध्ये झिमर्ली, विल्सन व प्रेटर ह्यांना, केनेकॉट कंपनीच्या वतीने, लोह-ऑक्सिडीकारक जीवाणूंचा उपयोग करणाऱ्या चक्राकार अपक्षालन-पद्धतीचे एकस्व मिळाले. जीवाणूंचे खाणीतील काम जाणूनबुजून करून घेण्याचा इतिहास येथपासून सुरू होतो. १९७२ मध्ये मार्कोस्यान ह्याने आर्मेनियातील ताम्रखाणीतून 'लेप्टोस्पिरिलम फेरोऑक्सिडन्स' ह्या दुसऱ्या जीवाणूचे वर्णन केले. पुढील संशोधनाने पुष्कळ ठिकाणी तोच अधिक महत्त्वाचा ठरला.

६. टाकाऊ ढिगांकडे

ह्यानंतरची वाटचाल वेगाने झाली. चिलीतील लो आगिर्रे खाणीत १९८० पासून ढिगांचे अपक्षालन करून, भंगार लोखंडाऐवजी विद्रावक व विद्युत्‌ ह्यांच्या साहाय्याने, शुद्ध तांबे काढण्यात येऊ लागले. दक्षिण आफ्रिकेतील फेअरव्ह्यू खाणीत १९८६ पासून सल्फाइडात अडकलेले सोने मोकळे करण्यासाठी टाक्यांत जीवाणू वाढविण्यात आले. आपल्याकडे पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत, म्हणजे १९९२ पासूनच्या आघारकर संशोधन संस्थेत, खनिजांवरील जीवाणूंच्या क्रियेसंबंधी संशोधन झाले.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत बोधप्रद उदाहरण युगांडातील आहे. किलेंबे येथील ताम्रखाण १९५६ पासून १९८२ च्या सुमारापर्यंत चालली. तांबे वेगळे केल्यावर उरलेले, सुमारे १.४ टक्के कोबाल्ट असलेले पायराइट कासेसे येथे साठविण्यात आले. हा ढीग सुमारे नऊ लाख टनांचा होता. पावसाचे पाणी त्यातून अम्ल व धातू घेऊन क्वीन एलिझाबेथ राष्ट्रीय उद्यानाच्या भूमीवर उतरे व तेथील झाडोरा मारी. १९९९ पासून हेच पायराइट मोठ्या टाक्यांत जीवाणूंच्या स्वाधीन करून कोबाल्ट काढण्यात आले आणि उरलेला गाळ चुनखडीने उदासीन करण्यात आला. २०१३ च्या सुमारास ढीग संपला व कारखाना बंद झाला. उघड्यावर जे जीवाणू नासधूस करीत होते त्यांच्याच जातीचे जीवाणू टाकीत ठेवल्यावर उपयोगी पडले. फरक जीवाणूत नव्हता. तो हवा, पाणी व उष्णता ह्यांवर माणसाचा ताबा असण्या-नसण्यात होता.

तो ताबा सुटला तर नवी पद्धतही जुन्या संकटाकडे नेते. फिनलंडमधील तालविवारा येथे २००८ पासून जीवाणूंच्या साहाय्याने निकेल व जस्त काढण्यात येऊ लागले. २०१२ मध्ये तेथील टाकाऊ पाण्याचे तळे फुटून धातुयुक्त पाणी आसपासच्या जलाशयांत गेले.

७. समारोप

वरील विवेचनावरून उपयोग, ज्ञान आणि जबाबदारी ह्या तीन गोष्टी वेगळ्या करणे अवश्य आहे, असे दिसते. उपयोगाचा इतिहास रिओ तिंतो येथे १७५२ पर्यंत आणि चीनमध्ये त्याही मागे नेता येतो. रोमन काळापर्यंत तो नेण्यास भक्कम आधार नाही. ज्ञानाचा इतिहास १९४७ पासूनचा आहे. ह्या दोहोंमध्ये जी मंडळी होती त्यांना अडाणी म्हणता येणार नाही. ढीग कसा रचावा, पाणी केव्हा सोडावे व केव्हा थांबवावे, हे त्यांना पक्के ठाऊक होते. कारण न कळताही कार्य साधण्याची ही रीत दही लावणाऱ्या गृहिणीच्या किंवा नीळ आंबविणाऱ्या कारागिराच्या रीतीहून भिन्न नव्हे.

जबाबदारीचा प्रश्न अधिक बिकट आहे. रिओ तिंतो नदीच्या काठी, आजच्या पात्राहून उंचावर, लोहयुक्त निक्षेपांचे जुने थर आढळले आहेत. त्यांपैकी काही सुमारे वीस लाख वर्षांपूर्वीचे आहेत. म्हणजे पहिला खाणकामगार येण्याच्या फार आधीपासून तेथील जीवाणू हे पाणी आंबट व तांबडे करीत होते. ह्याचा आधार घेऊन, नदी मुळातच अशी आहे, तेव्हा खाणीस दोष का द्यावा, असा युक्तिवाद करणे सोपे आहे. पण डोंगर फोडून, दगड चुरून, हवेपुढे नवा पृष्ठभाग मांडून माणसाने त्या जीवाणूंना जे प्रचंड अन्न पुरविले ते निसर्गाने पुरविले नव्हते. रिओ तिंतोच्या बाबतीत निसर्गाचा वाटा किती व खाणीचा किती, ह्याचे गणित काटेकोरपणे मांडणे कठीण असले, तरी वेस्ट व्हर्जिनियातील ओढे आणि कासेसेचा ढीग ह्यांच्या बाबतीत ते कठीण नाही. ढीग रचून निघून जाणाऱ्याने, पुढे जे झाले ते जीवाणूंनी केले, असे म्हणून चालणार नाही. कारण १९४७ पासून जीवाणू काय करतात हे सर्वांस ठाऊक आहे.